घर सोडताना हाका कुणी मारायच्या

वन्सं, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत ज्यानं पाचवा लाडू मागून घेतला, त्यानंच आचवता आचवता विचारलं, "मग, घर कधी खाली करून राहिलात?" आपला घरमालक. मिशीला बुंदीचा दाणा चिकटलेला, आणि तोंडावर असं दुःख, जसं काय त्याचीच आई गेली. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्याच्या टाळक्यात घालायचा राहिला एवढंच. तुमी असतात तर राहिला नसता.

तुमी तर सुटलात. अंगण सारवता सारवता भिंतीला टेकून बसलात, "गोदे, शेण वाळून जाईल" म्हणालात आणि गेलात. अर्धं अंगण तसंच राहिलं. तुमाला घाटावर नेलं तोवर भटजींनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं, आणि जीभ टाळ्याला लावून "चक्, चक्" केलं. पंचकात गेल्या म्हणे. पंचकात मेलेलं माणूस एकटं जात न्हाई, पाठोपाठ आणखी माणसं ओढून नेतं. म्हणून पंचकाची शांत करायची, तेरावा झाला की घर सोडायचं, दाराला बाभळीचे काटे लावायचे, आणि तीन महिने उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई.

तुमी माणसं ओढून नेणार! ज्या बाईनं प्रत्येक बदलीला गाडीतली माणसं दोन-दोनदा मोजली, वाटेत माझ्या लेकीला, सुमीला, साधी शिंक आली तरी गाडी थांबवली, ती आता आमच्या गळ्याला हात घालायला कोपऱ्यात बसली आहे म्हणे. शी! हे ऐकलं तेव्हा तोंडात कडू पाणी आलं माझ्या. आजवर जेवढी घरं सोडली ती तुमच्या जिवावर सोडली. हे पहिलं घर, जे तुमच्यापासून पळायला सोडायचं होतं.

आणि भटजींनी काय काय सांगितलं ते ऐका. तुमची वाकळ, लुगडी, मिसरीचा डबा, काही बराबर न्यायचं न्हाई. घराबाहेर पडताना कुणी मागं वळून बघायचं न्हाई. आणि दारात उभं राहून कुणाला हाक मारायची न्हाई, तुमाला तर मुळीच न्हाई. हाक मारली की मेलेलं माणूस मागं येतं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडंच बघितलं. घर सोडताना तुमी मारायच्या त्या हाका गाडीवानानं सांगून सांगून इथं सगळ्या कळमनुरीला ठाऊक होत्या ना.

तुमचे भाऊ करोडगिरीच्या नाक्यावर कारकून. सरहद्दीवरची जकात-चौकी, आज या गावाला तर उद्या त्या. म्हणून आपला संसार कायम गाडीतच. मी नवरी होऊन आले त्याच वर्षी तुमी कपाळ पुसून भावाकडं आलात. माप ओलांडून आत पाय टाकला तो तुमच्या मिसरीच्या डब्यावर. काळी राख सगळी नव्या शालूवर. तेव्हापासून त्या मिसरीची मला जी शिसारी बसली ती बसली. दात घासायचं निमित्त, आणि दिवसभर चुलीमागच्या कोपऱ्यात पिचकारी. किती घरं झाली, प्रत्येक घरात तो कोपरा मी खरवडला. तुमी म्हणायच्या, "दात पडले तर तुझी भाकर मऊ करशील का?" मी म्हणायची, "करते, पण थुंकायचं बंद करा." ह्या भांडणाचा निकाल काही लागला न्हाई.

पण सामान हलवावं तर तुमीच. बदलीचा हुकूम आला की तुमचे भाऊ डोक्याला हात लावून ओट्यावर बसायचे, मला रडू यायचं, आणि तुमी पदर खोचून कणगीला हात घालायच्या. "आधी घाण, मग सामान," हा तुमचा पहिला कायदा. धान्याची कणगी जागची हलली की मागं काय निघायचं, आठवलं तरी अंगावर काटा येतो. शिरडला निघाली ती उंदरीची बाळंतिणीची खोली. माझ्याच माहेरच्या चोळीच्या चिंध्या करून मेलीनं अंथरूण केलेलं, आणि त्यात आठ-दहा पिल्लं, बिनकेसाची, गुलाबी, वळवळणारी. मी अंगणात जाऊन ओकले. तुमी हातानं उचलून टोपल्यात भरली आणि वर मला म्हणालात, "ओकून झालं असंल तर झाडणी आण. घाण बांधून नेली तर नव्या घरात आधी तीच उतरती."

खाटांचंही तसंच. निघायच्या दोन दिवस आधी खाटा उन्हात, आणि सांध्या-सांध्यात कढतं पाणी. ढेकूण लालभडक फुगून वर यायचे, त्याचा तो वास! जेवण जायचं न्हाई मला. तुमी त्याच हातानं, बरं धुऊन, पण त्याच हातानं, भाकर थापायच्या. मी उपाशी ऱ्हायची. तुमी म्हणायच्या, "ऱ्हा. गाडीत तेवढं वजन कमी."

आज सगळे विचारतात मला, गोदाबाई, एवढ्या बदल्या झाल्या, एक बरणी फुटली न्हाई, कसं काय? मी काय सांगू? मी सांगते, आमच्या वन्संना विचारा. मग जीभ चावते. आता मलाच सांगावं लागतं. भांडं रिकामं न्यायचं न्हाई, हंड्यात तपेलं, तपेल्यात डाळ, डाळीत वाट्या, म्हणजे आवाजही न्हाई आणि चेपही न्हाई. बरणीच्या तोंडाला फडकं, फडक्यावर कणकेचा गोळा, आणि बरणी भुसात उभी, आडवी कधीच न्हाई. वाकळा-गोधड्या वेगळ्या बांधायच्या न्हाईत, त्यांच्यातच आरसा, कंदिलाची काच गुंडाळायची. तुमच्या भावानं एकदा शहाणपण केलं. लोणच्याची बरणी कपड्यांच्या पेटीत आडवी ठेवली, "तिथं सुरक्षित ऱ्हाईल" म्हणे. नव्या नाक्यावर पहिल्या दिवशी साहेबापुढं उभे राहिले तेव्हा कोटाला लिंबाच्या खाराचा वास. साहेबानं विचारलं, "जेवण करके आये क्या?" तुमी हे ऐकून दोन दिवस हसत होत्या. मिसरी नाकात गेली हसताना.

आणि गाडी भरताना तुमची आणि लालूची जुंपायची ती वेगळीच. लालू बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, आपली प्रत्येक बदली त्याच्याच गाडीतून. मागं वजन झालं की गाडी उलाळ होती, बैलांचे गळे वर ओढले जातात. पुढं झालं की धुरजड, बैलांची मान मोडती. म्हणून जातं बरोबर चाकांच्या कण्यावर, कणगी त्याच्या पुढं, खाटा उलट्या वर. तुमी चाकाशी उभ्या राहून हुकूम सोडायच्या. लालू एकदा चिडला, "माझ्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, मुलूख पालथा घातला, आन मला तुमी शिकवून राहिल्या?" तुमी म्हणालात, "आज्यानं वाहिलं रे बाबा. तू सांडून राहिलास." खाली बघितलं तर खरंच ज्वारीची धार लागलेली.

सगळं चढलं की शेवटी तुमच्या मांडीवरचं गाठोडं. त्यात काड्यापेटी, मीठ, दोन भाकरींचं पीठ, तवा, दिव्याचं तेल. ते गाडीच्या पोटात कधी गेलं न्हाई. "पहिल्या सांजेला नव्या शेजाऱ्याच्या दारात काड्यापेटी मागायला जायचं न्हाई. पहिल्या दिवशी मागितलं की जन्मभर मागतकरी ठरतो." जुनी झाडणी तिथंच सोडायची, आणि निघायच्या आधी रिकामं घर सारवून ठेवायचं, आपल्यामागं येणाऱ्यानं आपल्याला शिव्या देऊ न्हाई म्हणून. मी म्हणायची, आपण आलो तेव्हा कुणी सारवून ठेवलं होतं का? तुमी म्हणायच्या, "म्हणून तर दिल्या ना शिव्या?"

मग हाका. आमी सगळे गाडीत बसलेले, आणि तुमी रिकाम्या घराकडं तोंड करून उंबऱ्यात उभ्या. "दत्ता, चल रे," आधी भावाला. मग "गोदे, चल. सुमे, चल ग." आमी मागं गाडीत, आणि हाका आत कोनाड्याला. पहिल्यांदा मला वाटलं, बाई खुळी आहे. रस्त्यावरची पोरं हसायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुमचं म्हणणं एकच, "माणूस गाडीत बसतं, त्याचं मन बसत न्हाई. ते इथंच माजघरात बसून ऱ्हातं. मग तिकडं अन्न गोड लागत न्हाई, लेकरू रात्रीचं रडतं. हाक मारून न्यावं लागतं."

पुसेगावच्या घराचं आता लिहावंच लागेल. लिहिणार नव्हते.

पुसेगावला माझा माधू गेला. रांगत होता. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी न्हाई. ओढ्याच्या काठाला त्याला मातीत दिला. त्यानंतर बदली झाली, गाडी भरली, तुमी उंबऱ्यात गेलात. दत्ता, गोदे, सुमे, सगळं झालं. मी म्हटलं, झालं, आता हाका संपल्या. आणि तुमी आवाज बारीक केलात, लेकराला उठवताना करतात तसा, आणि म्हणालात, "माधू, चल रे बाळा."

मी गाडीतून उडी टाकली. चाकात लुगडं अडकून फाटलं. तुमच्या अंगावर धावून गेले मी, सगळ्या गल्लीदेखत. "मेलेल्या लेकराला हाका मारता? लाज न्हाई वाटत?" मला तुमचीच किळस आली होती वन्सं, त्या मिसरीची नव्हे, तुमची. वाटलं, ही बाई माझ्या पोराला बाहुलं करून खेळते आहे. तुमी हललात न्हाई. म्हणालात, "मग काहून ठेवू त्याला इथं? उद्या दुसरे भाडेकरू येतील, ते वळखायचे न्हाईत त्याला."

पुढच्या गावाची चूल सारवून वाळली तरी मी तुमच्याशी बोलले न्हाई. हे भांडणही तसंच राहिलं. मला तुमचं पटलं न्हाई, अजून पटलं न्हाई, मेल्या माणसाशी खोटं बोलू न्हाई. पण एक सांगायचं राहिलं. शिरडला पहिल्या रात्री मला झोप लागली. पुसेगावला कधी लागली नव्हती. सकाळी उठून हे तुमाला सांगावं म्हणून मी चुलीपाशी आले, तर तुमी कोपऱ्यात पिचकारी मारत होत्या. माझं डोकं फिरलं आणि सांगायचं ते पोटातच राहिलं.

आता तुमच्या माणसांचा प्रताप ऐका. हिंगोलीची जाऊबाई तेराव्याला आली. दारातूनच नाकाला पदर, "पंचकाचं घर, मी आत येत न्हाई बाई." पण तुमचा तांब्याचा हंडा ओसरीवर दिसला आणि पाय आपोआप आत आले. "अक्कांची आठवण म्हणून नेते," म्हणाली. मी म्हटलं, आठवणच पाहिजे तर ही त्यांची वाकळ घ्या, रोज अंगावर घ्यायच्या. तशी चार हात मागं सरली. वाकळीत भूत बसतं, तांब्याच्या हंड्यात बसत न्हाई, असं दिसतंय. हंडा डोक्यावर घेऊन गेली, आणि दारात तुमच्यासाठी टिपं गाळायला विसरली न्हाई. थू!

गावात दुसरं घर मागायला गेलो तर दारं लागायला लागली. परवापरवा ज्यांच्या घरी तुमी बाळंतीण शेकली, त्यांची सून खिडकीतून म्हणाली, "आमच्याकडं लेकरं हायेत हो." शेवटी लालूच म्हणाला, "तांड्यापाशी माझ्या वावरात कोठा हाय. म्हशीला झाडाखाली बांधतो." तर त्यावरही घरमालकाचं तोंड वाकडं, कारकुनाच्या बाईनं तांड्यावर ऱ्हावं का म्हणून. स्वतःच्या घरातून आमाला हाकलायचं, आणि कुठं जायचं तेही ह्यानंच सांगायचं!

मग मी कणगी हलवली. एकटीनं. मागं झुरळं, मेलेली पाल, चिंचेचा कुजलेला गोळा, सगळं आपलं तसंच. या वेळी ओकले न्हाई. ओकायला कुणी बघणारं नव्हतं. चुलीमागचा कोपरा शेवटी घेतला. काळं-तपकिरी, थरावर थर. खुरपं घेऊन बसले, प्रत्येक घरी बसायची तशी, शिव्या देत. वन्सं, किती घाण केली हो तुमी! खरवडता खरवडता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तंबाखूच्या वासानं म्हणा.

वाकळ मी घाटावर टाकली न्हाई. तुमच्या भावानं बघितलं आणि ते म्हणाले, "गोदे, भटजींनी सांगितलंय." तुमचा लाडका भाऊ! तेरा दिवसांत तुमच्यासाठी एक शब्द बोलला न्हाई तो भटजीपुढं. मी म्हटलं, कंदिलाची काच कशात गुंडाळू, भटजींच्या धोतरात? ते हळूच म्हणाले, "सुमीचा तरी विचार कर."

विचार केला, वन्सं. एक लेकरू मातीत दिलं आहे मी, आता एकच राहिलं आहे. भटजीला हसणं सोपं, पण तो पंचांगावर बोट ठेवून बोलतो आणि माझ्याजवळ ठेवायला काही न्हाई. ठरवून टाकलं की हाका मारायच्या न्हाईत. मुकाट्यानं निघायचं. सुमीला काही झालं असतं तर जन्मभर कुणाला तोंड दाखवलं असतं?

निघायच्या दिवशी घरमालक काट्यांची फांदी घेऊन पहाटेपासून हजर. आमी बाहेर पडायच्या आधीच त्यानं फांदी दाराला टेकवून बघितली, बसती का ते. घर सारवलं होतं मी, अंगणही, तुमी टाकलेलं अर्धं. जातं कण्यावर, बरण्या भुसात. गाठोडं माझ्या मांडीवर. सगळे बसले. भटजीही येऊन उभे राहिले, लांब, निंबाच्या सावलीला. म्हणाले, "चला, मागं बघू नका."

लालूनं कासरा हातात घेतला, पण बैल हाकलले न्हाईत. माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, हाका राहिल्या."

तेवढ्यात मला एक सुचलं. इतकी घरं सोडली, तुमी आमची सगळ्यांची नावं घेतली. लालूच्या बैलांचीसुद्धा घेतली. पण तुमाला कुणी हाक मारली? कुणी न्हाई. कशी मारणार, मारणाऱ्या तुमीच. तुमी आपल्या गपचूप येऊन मागं बसायच्या. आणि आता, पहिल्यांदाच तुमी घरात मागं राहिलात, तर बाहेरून काटे लावून राहिले हे लोक.

मी सुमीकडं बघितलं. तिनं विचारलं, "आत्याला इथंच ठेवायचं का?"

मी खाली उतरले. घरमालकाच्या हातातली फांदी बाजूला सारली, हाताला काटे लागले. उंबऱ्यात उभी राहिले. भटजी तिकडून ओरडले, "अहो बाई, काय करून राहिल्या! लेकराची तरी दया करा!" लेकराचीच करत होते. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून "अहो, चला" म्हटलं. मग "सुमे, चल ग." मग, पहिल्यांदा माझ्या तोंडानं, "माधू, चल रे." तुमी मारायच्या तशी बारीक आवाजात जमली न्हाई. आवाज फाटला.

आणि मग रिकाम्या माजघरात ओरडून म्हटलं, "वन्सं, चला! आता काय आमंत्रण पाहिजे का?"

मागं वळून बघत बघत गाडीत बसले. तुमची वाकळ मागच्या बाजूला तुमच्या जागेवर अंथरली आणि तिथं कुणाला बसू दिलं न्हाई. लालूनं मागं बघितलं, वजन बघतो तसं, आणि म्हणाला, "बराबर हाय." मग बैल हाकलले.

कोठा बरा आहे. म्हशीचा वास येतो, पण वारा आहे. काड्यापेटी कुणाला मागावी लागली न्हाई. भीती अजून गेलेली न्हाई, रोज सकाळी उठले की आधी सुमीच्या कपाळाला हात लावून बघते. गार असतं. भाकर खाती, म्हशीमागं पळती, रात्री झोपती. तुमी न्यायला आलेल्या न्हाईत, ऱ्हायला आलेल्या आहात, हे भटजीला कोण सांगणार?

आलातच आहात, तर एक नीट ऐका. चूल मी आताच सारवली आहे. मागचा कोपरा कोरडा आहे, स्वच्छ आहे. तिथं थुंकायचं न्हाई.